मदत हवी आहे: टाकीत क्लोरीन आहे, नळाला नाही

पुण्यातली सिंहगड रस्त्यावरची प्राथमिक शाळा, गच्चीवर टाकी, टँकरचं पाणी. २०२५ च्या जीबीएसच्या (गुलेन-बारी सिंड्रोम, नसांचा आजार) साथीनंतर या भागात पाण्याबाबत ढिलाई परवडणारच नाही. हजार लिटरला ५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर बादलीत कालवून फक्त वरची निवळी टाकीत सोडतो, अर्ध्या तासाने ओटी टेस्ट (ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून; क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं). टाकीच्या पाण्याला पिवळा रंग येतो, म्हणजे पावडरचा जोर गेलेला नाही. तळमजल्यावरच्या नळाला मात्र रंगच नाही, ०.२ पीपीएमसुद्धा (लिटरला ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन नाही. फिल्टरमधला कार्बन क्लोरीन खातो, म्हणून तपासणी फिल्टरच्या आधीच्या नळावरच केली.

संशय जुन्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपवर: आतला गंज आणि बुळबुळीत थर. शनिवारी शाळा सुटल्यावर ५० पीपीएमचं पाणी (हजार लिटरला १५० ग्रॅम पावडर) लाइनमध्ये रात्रभर कोंडून, रविवारी वास जाईपर्यंत सोडून द्यायचं ठरतंय. एवढ्याने भागेल, की पाइपच बदलावा लागेल? मुलं रोज हेच पाणी पितात, अनुभवी लोकांनी कृपया लवकर सांगा.