दिनदर्शिकेचे फोटो : निकाल आणि तंटा

प्रेषक : दिनदर्शिका समिती, फीनिक्स
प्रति : सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

यंदाच्या दिनदर्शिकेचा विषय 'डोंगर आणि वाळवंट'. फोटो आले ८३, हवेत १२. परीक्षक आपले नाशिकचे काका, म्हणजे मंडळाचे माजी खजिनदार. १९ वर्षं ॲरिझोनात काढून ते परत गंगापूर रोडला राहायला गेले, पण खजिनदारी काही अंगातून गेलेली नाही. पास केलेत फक्त ९. नापास फोटोंपुढे एकेका शब्दाचा शेरा आहे, यादी सोबत जोडली आहे.

तीन पानं रिकामी आहेत. छापखाना १५ तारखेपर्यंत थांबेल. वाद घालायचा असेल त्यांनी इथेच घाला, मला रात्री फोन करू नका. मुलाची परीक्षा आहे.

प्रेषक : एक नापास सभासद, टेम्पी

काका, सा. न.

माझे ११ पैकी ११ गेले. इंजिनियरिंगला असतानाही इतके विषय एकदम राहिले नव्हते.

ग्रँड कॅन्यनच्या चार फोटोंपुढे तुम्ही चारदा एकच शब्द लिहिलाय : 'दुपार'. अहो, दुपारीच पोचलो तर काय करणार? फीनिक्सहून साडेतीन तास. गाडीत आई-बाबा, दोन मुलं, दशम्यांचा डबा. फ्लॅगस्टाफला बाबांचा चहा. पोचेपर्यंत साडेबारा. मॅथर पॉइंटला माणसांच्या डोक्यांमधून जेवढा दिसला तेवढा कॅन्यन काढला. न्यू मेक्सिकोतल्या व्हाइट सँड्स वाळवंटाच्या फोटोपुढे 'उडालाय', म्हणजे जास्त उजेडानं पांढराफटक पडलाय. ती वाळू पांढरीच आहे काका! आणि सग्वारो निवडुंगाच्या फोटोपुढे 'पोस्टकार्ड'. मला ते कौतुक वाटलं होतं. बायको म्हणाली, नाही.

मान राखून विचारतो : नोकरी आणि घरची माणसं सांभाळणाऱ्यानं फोटो काढायचे तरी कधी?

प्रेषक : नाशिकचे काका

चि. टेम्पीकरास अनेक आशीर्वाद.

रागावलास ते बरं झालं. बाकीचे ३० जण नुसतेच गप्प बसलेत.

आधी 'दुपार'. कॅन्यन मैलभर खोल आहे हे तुला माहीत आहे, कारण तू कठड्याशी उभा होतास आणि पोटात गोळा आला होता. फोटो बघणाऱ्याच्या पोटात गोळा कोण आणणार? ते काम सावलीचं. जूनमध्ये तिथं मध्यान्हीचा सूर्य ७७ अंशांवर असतो. सगळे थर सारखेच उजळतात आणि अख्खा कॅन्यन दोरीवर वाळत घातलेल्या गोधडीसारखा सपाट दिसतो. त्याच जागी सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी थांब. होपी पॉइंट घे, नाहीतर लिपान पॉइंट, तिथून नदीचं वळणही दिसतं. एका सोंडेची सावली पुढच्या सोंडेवर चढायला लागते आणि मग कुठली जवळ, कुठली लांब ते कळतं. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूवैज्ञानिकानं १८८० च्या सुमारास तिथल्या सुळक्यांना शिव आणि विष्णूंच्या देवळांची नावं दिली. तिरप्या उन्हात ती खरोखर देवळं वाटतात. दुपारी साडेबाराला बघितली असती तर त्यानं पाटा-वरवंटा असं काहीतरी नाव ठेवलं असतं.

आता म्हणशील, काकांना नाशकात बसून बोलायला काय जातंय. तर ऐक. आमच्याकडे सूर्य जास्त घाईत असतो. नाशिक २० अक्षांशावर, तुझा कॅन्यन ३६ वर. मार्चच्या किंवा सप्टेंबरच्या विशीत सूर्य सहा अंशांवरून क्षितिजाला टेकायला तुमच्याकडे अर्धा तास घेतो, आमच्याकडे २५ मिनिटं. पाच मिनिटांनी काय बिघडतं? तेवढ्या वेळात मी लेन्स बदलतो आणि जुनी कुठल्या खिशात ठेवली ते विसरतो. मे महिन्याच्या विशीत तर इथं शून्य सावलीचा दिवस असतो, खांबाची सावली खांबाच्या बुडाशी. हे तुमच्याकडे कधीच व्हायचं नाही, तुम्ही कर्कवृत्ताच्या पार वर. म्हणजे परीक्षा आमची जास्त कठीण आहे, एवढं लक्षात ठेव.

मी हे शिकलो ते धोडपवर. वडाळीभोईला आग्रा रोड सोडून धोडंब्यावरून हट्टी गावाकडे गेलं की समोर तो किल्ला येतो. माथ्याला पिंडीसारखा कातळ आणि शेजारी कुणी कुऱ्हाडीनं पाडावी तशी खाच. भारतात परतल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात गेलो. पाऊस नुकताच संपलेला, हवा धुतलेली. इथं स्वच्छ हवा मिळते ती तेव्हाच, डिसेंबरनंतर सगळं धुरकट. मी अमेरिकेतून शिकून आलेला, हातात महागाचा ट्रायपॉड. मक्याच्या बांधावर तो रोवला तर दहा मिनिटांत तीन माणसं जमली. एक आजोबा म्हणाले, "साहेब, मोजणी कुठल्या रस्त्याची? आमचं किती जातंय?" फोटो काढतोय म्हटलं तर कुणाचा विश्वास बसेना. शेवटी कॅमेऱ्यातून किल्ला दाखवला. आजोबांनी बघितलं आणि म्हणाले, "आमचा धोडप असा पांढरट नाही हो."

बरोबर होतं त्यांचं. घरी येऊन बघितलं तर काळा कुळकुळीत कातळ सिमेंटच्या रंगाचा झालेला. चूक उजेड मोजणाऱ्या मीटरची, म्हणजे मीटरवर विसंबलेल्या माझी. कॅमेऱ्याच्या मीटरला जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करडी वाटते. काळा कातळ दाखवलास तर तो उजळून करडा करतो, पांढरी वाळू दाखवलीस तर काळवंडून करडी करतो. ॲरिझोनाचा तांबडा खडक मुळातच मधल्या उजेडाचा, म्हणून १९ वर्षं मला हे कधी जाणवलंच नाही! सह्याद्रीच्या काळ्या कड्याला एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घ्यायचा उजेड, पाऊण ते एक स्टॉप खाली घ्यावं लागतं. एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा. पांढऱ्या वाळूला, बर्फाला उलट : एक-दीड स्टॉप वर. आणि मग पाठच्या पडद्यावरच्या चित्राकडे न बघता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, बघायचा, कारण उन्हात तो पडदा खोटं बोलतो.

धोडपला मी पाच वेळा गेलो. चौथ्या वेळी आजोबांनीच सांगितलं की संध्याकाळी याच बांधावर उभं राहू नका, खाचेतून ऊन येतं ते पलीकडच्या टेकाडावरून दिसतं. त्यांनी ते आयुष्यभर बैल सोडताना बघितलेलं.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे हेच आहे. अन्सेल ॲडम्स हा अमेरिकन छायाचित्रकार कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत पोरसवदा वयापासून दरवर्षी जात होता. १० एप्रिल १९२७ ला हाफ डोम नावाच्या कड्यासमोर पोचला तेव्हा त्याच्याकडे फोटोच्या दोनच काचा (फिल्मऐवजी वापरायच्या त्या) शिल्लक होत्या. एक पिवळ्या फिल्टरनं काढली. मग लक्षात आलं की आकाश फिकं येणार आणि कड्याचा दबदबा जाणार, म्हणून शेवटच्या काचेला गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळजवळ काळं झालं आणि जगाला तो फोटो मिळाला. हे त्याला सुचलं कारण तो कडा त्याच्या ओळखीचा होता. तू सहा दिवसांत युटाची पाच उद्यानं करायचा बेत मांडलायस असं समितीकडून कळलं. झायनपासून आर्चेसपर्यंत सगळ्यांच्या दाराशी पाटीबरोबर फोटो येतील, तेवढेच. आई-बाबांना घेऊन एकाच ठिकाणी तीन रात्री राहा. ते उशिरा उठतील, तू पहाटे जाऊन ये. त्यांच्या चहाला परत हजर.

प्रेषक : एक विद्यार्थिनी, टूसॉन

काका, नमस्कार. मी नापासांत नाही कारण फोटो पाठवलेच नाहीत. :)

माझ्याकडे कॅमेरा नाही, फोन आहे. वरचं सगळं फोनला लागू होतं का? जुलैत नाशिकला मामाकडे येतेय. आकाशगंगेचा फोटो तिथून काढता येईल का? मामेभाऊ म्हणतो, त्याचा ड्रोन घेऊन हरिहर किल्ल्यावर जाऊ.

प्रेषक : नाशिकचे काका

बाळ, जुलैत नाशकात आकाश शोधावं लागेल, आकाशगंगा तर सोडूनच दे. त्र्यंबक-इगतपुरीकडे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. पुढच्या वेळी एप्रिलच्या अखेरीस ये. मग गंमत बघ : आकाशगंगेचा गाभा ग्रँड कॅन्यनवरून जेमतेम २५ अंश वर येतो, नाशिकहून ४१ अंश. आमच्या वाट्याला तो जास्त उंच येतो, पण शहराचा उजेड सगळं गिळतो. त्यासाठी साल्हेरच्या पायथ्याला जावं लागतं. तो सह्याद्रीतला सगळ्यांत उंच किल्ला, १५६७ मीटर. तुमच्या कॅन्यनला २०१९ पासून डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं आकाश अंधारं राखणाऱ्या उद्यानाचा, दर्जा आहे, तिथं हे हाल नाहीत. २४ मिलिमीटरच्या लेन्सला शटर २० सेकंदांच्या वर उघडं ठेवू नये, तारे लांबट होतात.

फोनला सगळं लागू आहे. कड्यावर बोट दाबून धर, म्हणजे फोकस आणि उजेड तिथं अडकून बसतो. मग बाजूचं सूर्याचं चिन्ह खाली ओढ, काळा कातळ काळा होईल. फोनला झूम करू नकोस, चालत जा.

ड्रोनचं मामेभावाला सांग, आधी नकाशा बघ. देवळालीला तोफखाना, ओझरला हवाई दल. परवानगीच्या भानगडी आहेत. तुमच्याकडे तर राष्ट्रीय उद्यानांत ड्रोन २०१४ पासून बंदच. आणि हरिहरच्या त्या उभ्या पायऱ्यांवर पावसाळ्यातल्या रविवारी रांग लागते. वर चढणाऱ्याला खाली उतरणाऱ्याचे फक्त बूट दिसतात. त्यापेक्षा अंजनेरीच्या पायथ्याशी ढग कड्यावरून उतरताना बघ. पावसाळी फोटोत उन्हाची वाट बघायची नसते, ढग फाटायची बघायची असते.

कुणाचा खरा कॅमेरा आणलास तर रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेव. माझ्या एका लेन्सला पहिल्याच पावसाळ्यात बुरशी लागली. वाळवंटात १९ वर्षं निगुतीनं वापरलेली लेन्स होती ती.

प्रेषक : नापास सभासद, टेम्पी

काका, 'दुपार' मान्य. युटात पाचाची दोन उद्यानं केली. बायको खूश, बाबा त्याहून.

पण व्हाइट सँड्स मान्य नाही. तो फोटो दुपारचा नाहीच. शेजारी क्षेपणास्त्रांची चाचणी असली की तिथला रस्ता थोडा वेळ बंद ठेवतात. त्या दिवशी तसंच झालं, आत जायलाच साडेचार वाजले. म्हणून माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी एखाद्या जागी संध्याकाळी होतो! मुलं अनवाणी पळत होती. ती जिप्समची वाळू, उन्हात पोळत नाही. सूर्य टेकायला आला तशा वाळूवरच्या लाटांना एका बाजूनं निळसर सावल्या आल्या, दुसरी बाजू गुलाबी. एक्स्पोजर दीड स्टॉप वर होतं, कारण कॅमेऱ्यानं पहिला फोटो राखेसारखा काढला होता. हे तुमचं पत्र यायच्या आधीचं, बरं का. आत्ता हिस्टोग्राम उघडून बघितला. उजव्या भिंतीला कुठेही टेकलेला नाही, म्हणजे पांढरं कुठेच उडालेलं नाही.

काका, तुम्ही तो फोटो कशावर बघितलात?

प्रेषक : नाशिकचे काका

फोनवर. त्र्यंबक रोडला मिसळ खायला बसलो होतो, बाहेरच्या बाकावर, सकाळी अकरा वाजता. समितीची यादी आली, तिथंच बसून ४० फोटो उडवले. उन्हात पडदा खोटं बोलतो हे मी तुला शिकवतोय आणि स्वतः...

काल पुतणीच्या मोठ्या मॉनिटरवर पडदे ओढून परत बघितला. डावीकडच्या टेकाडावर मुलांच्या पावलांची रांग आहे, ती फोनवर दिसलीच नव्हती. मी आधी ठरवलं होतं की मे महिन्याच्या पानावर माझा धोडप घालायचा. तो काढलाय. मे तुझा.

त्या ४० मधले उरलेले ३९ ही परत बघतोय, समितीनं आणखी चार दिवस द्यावेत.

मूळ फाईल ईमेलनं पाठव. व्हॉट्सॲपवर नको, ते दाबून बारीक करतं. आणि सग्वारो मोठ्या मॉनिटरवरही पोस्टकार्डच आहे.