मदत हवी आहे: समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. झाल्यावर नोंदणीचं काय?

नमस्कार मंडळी. नाशिकजवळच्या एका शाळेत मी समुपदेशक आहे. समुपदेशन मानसशास्त्रात एम.ए. केलंय. परवा आठवीतला एक मुलगा अर्धा तास समोर बसून नुसता वहीच्या पानाचे कोपरे फाडत होता. शेवटी म्हणाला, "मॅडम, झोपच येत नाही." अशा वेळी वाटतं, आपलं शिक्षण अजून पक्कं हवं.

भारतीय पुनर्वास परिषदेच्या (आरसीआय) नोंदवहीत क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची, म्हणजे मानसिक आजारांचं निदान आणि उपचार करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची नोंद होते, पण ती नुसत्या एम.ए.वर नाही. त्यासाठीचा नेहमीचा मार्ग होता दोन वर्षांचं एम.फिल., पण २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल.च बंद करायचं ठरवलं. दुसरीकडे २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांचाही समावेश आहे. मला खरं तर समुपदेशनच करायचंय, निदान-चाचण्यांकडे ओढा नाही.

ज्यांनी अलीकडे प्रवेश घेतला किंवा नोंदणी केली, त्यांनी कृपया सांगा: पुनर्वास परिषदेच्या अभ्यासक्रमाची वाट धरू, की अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली केसेस करत नव्या कायद्याखालच्या नोंदणीसाठी थांबू? आणि नोकरी सांभाळून देखरेख देणारं नाशिक-पुण्यात कुणी माहीत आहे का? घरी लहान मुलगी आहे, त्यामुळे मुंबईला राहणं जमणार नाही.