शोधातून पान गायब झालं की लगेच 'मुस्कटदाबी'?

चौकस: वेबसाइटचं पान गूगलसारख्या शोधात दिसेनासं झालं की लोक लगेच 'आवाज दाबला' म्हणून ओरडतात. बहुतेक वेळा करणी मालकाचीच असते. साइट नवी करताना डेव्हलपर 'नोइंडेक्स'ची, म्हणजे 'हे पान शोधात दाखवू नका' अशी ओळ टाकतो, अर्धवट काम दिसू नये म्हणून. साइट लाइव्ह होते, ओळ तशीच राहते. क्रॉलर, म्हणजे पानं वाचत फिरणारा शोधयंत्राचा प्रोग्रॅम, पुढच्या फेरीत ती वाचतो आणि पान इंडेक्समधून, म्हणजे शोधाच्या सूचीतून, काढतो. सांगितलं तेच केलं त्याने!

अवलिया: आणि रोबोट्स फाइलमध्ये, म्हणजे क्रॉलरने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या साइटवरच्या फाइलमध्ये, अडवलं तरी तेच होतं ना?

चौकस: नाही. तिथे फक्त क्रॉल करायला मनाई होते. बाहेरून लिंका असतील तर नुसता पत्ता, वर्णनाशिवाय, दिसत राहू शकतो. गंमत म्हणजे रोबोट्समध्ये अडवलेल्या पानावर नोइंडेक्स टाकून उपयोग शून्य, कारण क्रॉलर ते पान उघडणारच नाही, मग ती ओळ वाचणार कधी?

अवलिया: बरं, हे तांत्रिक झालं. पण माणूस बसून काढतो त्याचं काय? २००६ मध्ये गूगलने बीएमडब्ल्यूची जर्मन साइट काढली होती. क्रॉलरला शब्द ठासून भरलेली पानं आणि वाचकाला भलतंच, म्हणून. त्यांनी ती पानं हटवली आणि काही दिवसांत साइट परत. एकट्यादुकट्या साइटवाल्याची फेरविचाराची विनंती इतक्या तातडीने कोण बघतो?

चौकस: लबाडी केली, शिक्षा झाली. मोठ्यांनाही सोडलं नाही, हेच त्यातून दिसतं की.

निशिगंध: तुम्ही दोघंही कायद्याला बगल देताय. स्पेनमधल्या एका गृहस्थांच्या मालमत्तेच्या लिलावाची १९९८ ची नोटीस वर्तमानपत्राच्या साइटवर होती. देणं कधीच मिटलेलं, पण गूगलवर नाव टाकलं की ती नोटीसच वर. २०१४ मध्ये युरोपीय न्यायालय म्हणालं, नावाच्या शोधातून अशी लिंक काढायला लावता येते. वर्तमानपत्राचं पान मात्र जागेवरच राहिलं. याला मुस्कटदाबी म्हणायचं?

अवलिया: निकाल चांगला, अंमल खटकतो. अर्ज आला की खाजगीपणा मोठा की लोकांचा जाणण्याचा हक्क, हे आधी ठरवतं कोण? तीच कंपनी, गूगल. कोर्ट नंतर. शिवाय त्याच न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानुसार जगभरातून लिंक काढणं युरोपीय कायद्याने बंधनकारक नाही, म्हणजे सीमेपलीकडे ती दिसतेच.

कॉपीराइटचं तर विचारूच नका. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यानुसार नोटीस येताच तत्परतेने लिंक काढली की कंपनीवर जबाबदारी येत नाही. मग ती खोलात कशाला शिरेल? आधी काढून मोकळी. अडचणीचा लेख उचलायचा, मागची तारीख टाकून दुसरीकडे चिकटवायचा, आणि 'मूळ आमचा' म्हणून नोटीस धाडायची, असले उद्योग चालतात.

चौकस: खोट्या नोटिसा फेटाळल्याही जातात. आणि गूगल अशा नोटिसांच्या प्रती ल्युमेन या सार्वजनिक संग्रहाला देतं. कोणी काय काढायला लावलं ते तिथे बघा.

अवलिया: अहो, पण आपलं पान गेलंय हे आधी कळायला नको? निरोप येतो सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत. तिथे साइट नोंदवलेलीच नसेल, तर माणूस शोधणार काय आणि कुठे?

निशिगंध: मग नोंदवा की, फुकट आहे! पण खोट्या नोटिसांबद्दल मात्र मला अवलियांचं पटतं; त्या धाडणाऱ्याला दंड व्हावा.