आत्यासाठी ग्रुप थेरपी सुचवलीय, नेऊ की नको?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय, सांभाळून घ्या. माझी आत्या ६७ वर्षांची आहे, लग्न झालेलं नाही, पंचविशीच्या आतच स्किझोफ्रेनियाचं निदान झालं आणि तेव्हापासून गोळ्या चालू. आजी होती तोवर दोघींची जोडी होती, वाती वळायच्या, धान्य निवडायचं, दुपारी रेडिओ. आजी गेली आणि आत्या एकदम गप्पच झाली. भास वगैरे आता फारसे नाहीत, गोळी वेळेवर घेते, म्हणजे डॉक्टरांच्या हिशेबात 'स्टेबल'. पण दिवसभर खोलीत. जेवायला आमच्याबरोबर बसत नाही, ताट आत घेऊन जाते, पाहुणे आले की दार लावून घेते. विचारलं तर 'मला कुणी लागत नाही' म्हणते. आणि हीच बाई संध्याकाळी गच्चीत उभी राहून खालच्या बायकांच्या गप्पा ऐकत असते, मी बघितलंय.

परवा ओपीडीत नवीन मॅडम होत्या. त्यांनी गोळ्या तशाच ठेवल्या आणि आठवड्यातून एकदा ग्रुप थेरपीला आणा म्हणाल्या, वयस्कर पेशंटचा वेगळा ग्रुप चालतो म्हणे. बाबांनी घर डोक्यावर घेतलं, 'आधीच ती तशी, अजून दहा तसल्यांत नेऊन बसवणार काय'. आई म्हणते त्यापेक्षा भजनी मंडळात नेऊ, चार चांगल्या बायकांत बसेल. मला खरंच कळेना झालंय. तिथं नक्की करतात काय? दुसऱ्यांचं ऐकून हिचे भास परत सुरू नाही ना होणार? आम्ही कराडकडचे, जाऊन येऊन निम्मा दिवस मोडणार म्हणून विचारतेय.

ओपीडी_खोली_सात:
मी सायकियाट्रिक सोशल वर्कर आहे, ग्रुप घेणं हे माझं रोजचंच काम, त्यामुळं लांबण लागेल.

आधी भीतीचं बोलते. दुसऱ्याचे भास ऐकून स्वतःचे भास सुरू होत नाहीत. तशीही ज्याची तब्येत त्या आठवड्यात बिघडलेली आहे, फार संशय येतोय किंवा झोपच नाही, त्याला आम्ही ग्रुपमध्ये घेत नाही, आधी एकट्याला भेटतो. उलट बहुतेक म्हाताऱ्या पेशंटना आयुष्यात पहिल्यांदाच कळतं की अरे हे असं फक्त मलाच होत नाही. चाळीस चाळीस वर्षं आजार काढलेली माणसं असतात, पण तशा दुसऱ्या माणसाशी त्याबद्दल कधी बोललेली नसतात. वेटिंगच्या बाकावर शेजारी बसतात तेवढंच.

करतात काय, तर गोल खुर्च्या टाकून सात-आठ जण तासभर बसतात. सुरुवातीला नाव, आजचा वार, मागच्या वेळी ठरलेलं जमलं का. मग एकाचा प्रश्न घ्यायचा. उदाहरण सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललाय. एका आजोबांना शेजाऱ्याकडून रोज पेपर मागून वाचायचा होता, बस इतकंच. पण डोक्यात पक्कं की तो मला टाळतो, कारण परवा त्यानं मला बघून दार लावलं. आम्ही ते दारच चर्चेला घेतलं. दार लावायची किती कारणं असू शकतात, सांगा सगळ्यांनी. एक आजी म्हणाल्या, 'अहो कुकर लावला असेल, शिट्टी झाली म्हणून पळाला असेल.' सगळे हसले, आजोबाही. मग एक जण शेजारी झाला आणि आजोबांनी त्याच्याकडं पेपर मागायची प्रॅक्टिस केली, तीनदा, कारण पहिल्या दोनदा आवाजच फुटला नाही. पुढच्या आठवड्यात पेपर मिळालेला होता, कोडं सोडवून परत दिला म्हणून शेजारी चिडला होता हा भाग वेगळा.

सांगायचा मुद्दा असा की नुसतं माणसांत नेऊन बसवलं की एकटेपणा जातो असं नाही. २०११ साली एकटेपणावरच्या सगळ्या उपायांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात नुसत्या भेटीगाठी वाढवण्यापेक्षा 'लोकांना मी नकोय' हा विचार तपासून बघायला शिकवण्याचा परिणाम जास्त दिसला. आणि २००५ ची सॅन दिएगोची एक स्टडी आहे, स्किझोफ्रेनियाचेच मध्यमवयीन आणि वयस्कर पेशंट, ७६ जण, त्यातल्या निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर असे २४ आठवडे ग्रुप दिले. लक्षणांमध्ये बाकीच्यांपेक्षा फार फरक पडला नाही, पण लोकांत मिसळणं, चार गोष्टी करणं वाढलं. मला ते फार पटतं. आजार जागच्या जागी राहूनही दिवस बदलू शकतो.

एक विचारू का? आत्या ताट आत नेतात तेव्हा नीट बघितलंय का कधी, तोंड किंवा जीभ सारखी हलते का, काही चघळत असल्यासारखी?

डबल_बेल:
ताई, मी एसटीत कंडक्टर होतो, आता रिटायर. मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार चढतं कधी फार उतरतं तो आजार, त्यावरचं लिथियम चालू आहे म्हणून हात थरथरतात. आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघात जातो मी, नाही असं नाही, हास्यक्लबात पण हाहा करतो. पण चहाचा कप धरला की शेजारचा माझ्या हाताकडं बघतो आणि मला कळतं याला काय वाटलं ते. संध्याकाळची लावतो की काय हा. एकानं तर तोंडावर विचारलं. आता याला काय सांगू, लिथियम म्हणजे काय? सांगितलं तर उद्यापासून शेजारी बसायचा नाही.

ग्रुपमध्ये मी गेल्या गेल्या सांगतो, आज लिथियमची लेव्हल काढायला रक्त देऊन आलोय, चक्कर येतेय, मला कोपऱ्यातली खुर्ची द्या. संपलं. कोणी मान वळवून बघत पण नाही. भजनी मंडळ चांगलंच आहे हो, आमची सौ. पण जाते, पण तिथं आत्याबाईंना लपवत बसावं लागेल आणि लपवता लपवता माणूस दमतो त्यापेक्षा घरी बरा. बाबांना सांगा तसली दहा नाहीत तिथं, आमच्यात एक बँक मॅनेजर आहे, एक नर्स बाई आहे, एक मास्तर आहेत ते बोलायला लागले की बेल मारावी लागते.

आणि मला तिथं काम आहे. जो आला नाही त्याला फोन लावायचा. मॅडमनी दिलं. गेल्या पावसाळ्यात मीच गेलो नाही तर त्या नर्स बाईंनी माझ्या फोनवर फोन, शेवटी बायकोच्या फोनवर फोन. रिटायर झाल्यापासून मला कोणी 'का आला नाही' विचारलं नव्हतं.

पावसाळी_छत्री:
सगळे छान छान लिहितायत म्हणून दुसरी बाजू. माझी आई ७२ ची, डिप्रेशनचे झटके येऊन जाऊन असतात. एका सेंटरला (नाव नाही घेत) नेत होते बरेच दिवस. ग्रुप घ्यायला शिकाऊ मुली, त्याही दर काही महिन्यांनी बदलणार, आई प्रत्येकीला पहिल्यापासून सगळं सांगणार, बाबा कसे गेले, झोप कधीपासून गेली. मग 'सकारात्मक विचार करा' असं भाषण आणि नंतर रंगवायला चित्रं. आई एक दिवस घरी येऊन म्हणाली, 'मी हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, मला फुलपाखरू रंगवायला देतात.' तिला जाऊ नको म्हणावं लागलंच नाही.

वर तिथं खोली अशी की तीन पंखे घरघरतात आणि ट्रॅफिकचा आवाज, आईला एका कानानं कमी येतं. तिला निम्मं ऐकूच येत नव्हतं, मान डोलवून यायची. बाकीच्यांना वाटायचं ही इंटरेस्ट घेत नाही. आणि समजा ग्रुप उत्तम असला तरी आठवड्यातला एक तास, उरलेल्या १६७ तासांचं काय? घरात कोणी बोलणार नसेल तर काय उपयोग.

ओपीडी_खोली_सात:
छत्री, तुमचं एकूण एक म्हणणं बरोबर आहे आणि आमच्या क्षेत्रात हे सर्रास चालतं. बालवाडीचं वर्तन म्हाताऱ्या माणसाला लगेच कळतं. कृष्णाकाठ, तुम्ही त्या मॅडमना आधीच विचारून घ्या: ग्रुप कोण घेतं आणि ती व्यक्ती वर्षभर तरी राहणार का, मंडळी तीच असतात की दर वेळी नवीन, आत्यांचं निदान आणि वय जुळणारं आणखी कोणी आहे का. स्मृतिभ्रंशाच्या पेशंटचा ग्रुप वेगळा असतो, त्यात यांना घालू नका म्हणावं. आणि वेळ. सकाळी नऊला ठेवला तर रात्रीच्या गोळीची गुंगी उतरलेली नसते, निम्मे पेंगतात. कान तपासून घ्या हे तर झालंच.

१६७ तासांचं म्हणाल तर म्हणूनच दर वेळी काहीतरी छोटं घरी करायला दिलेलं असतं आणि ते घरच्यांना माहीत असावं लागतं. बाबांसाठीही काही बघा. ठाण्याला आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पुण्यात धायरीला 'सा' म्हणजे स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन, शुभार्थींसाठी (म्हणजे पेशंट) आणि शुभंकरांसाठी (म्हणजे त्यांना सांभाळणारे घरचे) अशी कामं करणाऱ्या या जुन्या संस्था. लांब पडत असतील तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मराठीत बोलता येतं, फुकट आहे. स्वमदत गट आणि ग्रुप थेरपी एकच नव्हे हं, गट आपला आपण चालवायचा असतो, थेरपीत शिकलेला माणूस धोरणानं चालवतो. दोन्हींचा उपयोग आहे.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे खूप आभार. खोली सात, तुम्ही विचारल्यावर आज मुद्दाम बघितलं, हो. तोंड हलत असतं सारखं आणि ती पदर धरते तोंडावर. आम्हाला इतकी वर्षं वाटायचं लाजते. जेवताना घास बाहेर येतो थोडा म्हणून ताट आत नेत असणार. बाबांना सांगितलं तर ते काही बोलले नाहीत, उठून गेले. हे गोळीनं होतं का? बंद करायची का मग?

ओपीडी_खोली_सात:
नाही नाही, गोळी स्वतःहून अजिबात बंद करू नका, ठळक अक्षरात लिहितेय असं समजा. वर्षानुवर्षं या औषधांवर असलेल्यांना, त्यातही वयस्कर बायकांना हे जास्त होतं, टार्डिव्ह डिस्कायनेशिया म्हणतात. एकदम बंद केलं तर हलणं वाढू शकतं आणि आजार उलटू शकतो. पुढच्या भेटीत मॅडमना दाखवा, मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून न्या, आत्यांना विचारून काढा. औषध बदलून किंवा वेगळं देऊन बघतात. ग्रुपमध्ये तसं तोंड हलणारं आणखी कोणी असण्याची शक्यता बरीच आहे, चहा-बिस्किटाला बसले की आत्यांना दिसेलच.

पहिल्या दिवशी बोललं पाहिजे असं काही नाही. दाराजवळची खुर्ची मागून घ्या, मधेच उठून बाहेर यायचं असेल तर येऊ दे, तुम्ही बाहेर बाकावर आहात एवढं त्यांना माहीत असलं की पुरे. चार-पाच वेळा जाऊन मग ठरवा, एका भेटीवर नको.

पावसाळी_छत्री:
आणि आत्यांना आधी विचारा हो, घरातले सगळे ठरवतायत, त्यांना कोणी विचारलंय का.

कृष्णाकाठ:
विचारलं काल. 'तिथं बायका असतात का' म्हणाली. असतात म्हटलं. मग 'किती वाजता' म्हणाली. गुरुवारी अकराला आहे.

डबल_बेल:
अकराला पोचायचं तर आठच्या आसपासची गाडी धरा, नंतरच्या गाड्यांना कॉलेजची पोरं असतात, बसायला मिळायचं नाही. तुम्हा दोघींनाही अर्धं तिकीट. येताना स्टँडवर जेवून घ्या, घरी पोचेपर्यंत तीन वाजतील.