पावसाळ्यातली गच्ची: दुधी का गळला?

गच्चीवरची, पुणे
पावसाळा सरला, वेल उतरवले. भेंडी-गवार मनासारखी आली, अळू तर इतकं की शेजारीपाजारी वड्या पोचल्या. दुधीने मात्र जीव घेतला. फुलं भरपूर, पण बोटाएवढा दुधी धरायचा, पिवळा पडायचा, गळायचा. कारली वाकडी आणि आत अळ्या. शेणखत, निंबोळी पेंड वेळेवर दिली; सकाळी मधमाश्याही असतात. पुढच्या जूनला काय बदलू?

वेलवाले काका
दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, सकाळच्या मधमाश्या त्याच्या काय कामाच्या! दिवेलागणीला नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मादी फुलात हलकेच फिरवा. देठाशी इवला दुधी दिसतो ती मादी. पाऊस असेल तर वर पिशवी बांधा, पराग भिजला की वाया.

रोपवाटिका, सांगली
ताई, कारल्यात फळमाशी आहे. ती साल टोचून आत अंडी घालते, म्हणून वरून फवारलेलं अळीपर्यंत पोचत नाही. फुलं दिसताच क्यू ल्यूरचा, म्हणजे वासाने नर फळमाश्यांना ओढून घेणारा सापळा टांगा. आंब्याला लावतात तो मिथाइल युजेनॉलचा, तो इथे चालत नाही. आणि किडकी फळं कंपोस्टात नकोतच! अळी मातीत जाऊन कोष करते. पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा.

गच्चीवरची, पुणे
काका, दोडक्यालाही संध्याकाळीच का? त्याचा एक वेल अजून फुलांवर आहे.

वेलवाले काका
हो, दोडकाही संध्याकाळचाच. कारल्याला मात्र सकाळी. आजच करून बघा.