गाण्याची सुरुवात कापू का?

गेली नऊ वर्षं मी चाली बांधते. मागच्या महिन्यात एक गाणं यूट्यूबवर टाकलं. सुरुवातीला ४२ सेकंद एकटा चेलो (व्हायोलिनसारखंच, पण मोठं आणि खर्जातलं वाद्य), अगदी खालच्या सुरांत, आणि मग गाणाऱ्याचा आवाज येतो. लोक कुठपर्यंत ऐकतात ते दाखवणाऱ्या यूट्यूबच्या आलेखात दिसतं की १५व्या सेकंदापर्यंत निम्मे लोक निघून गेलेले असतात. मित्राच्या आग्रहाखातर थेट मुखड्यापासून सुरू होणारी दुसरी प्रत केली. ती जास्त ऐकली जातेय.

आकडे वाढल्याचा आनंद आहेच. पण आता नवी चाल बसवायला घेतली की हात आपोआप मुखड्याकडे धावतो. शांततेत चार सूर लावून बघायचा धीरच उरलेला नाही, आणि त्याची मला भीती वाटते. तुम्ही लोक काय करता?

प्रतिसाद १
मी ध्वनिमुद्रण करतो. गाण्याची लांबी यंत्राने ठरवणं जुनंच आहे. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीनच मिनिटं मावायची, म्हणून गाणारे तेवढ्यात मांडणी करायला शिकले. १९४८ साली लाँग प्ले तबकडी आली आणि एका बाजूला वीसेक मिनिटं मिळाली. आता स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं तरच ते एक ऐकणं म्हणून मोजलं जातं, त्यामुळे सगळा जीव पहिल्या अर्ध्या मिनिटात ओतला जातो. फरक एवढाच की तबकडीची अट गाणाऱ्याला आधीच माहीत असायची. तुम्हाला मात्र कोण कुठे उठून गेलं ते सेकंदासेकंदाला दिसतं.

एक मात्र आधी करा. ते गाणं फोनच्या स्पीकरवर ऐका, हेडफोन न लावता. चेलोची सगळ्यात खालची तार ६५ हर्ट्झच्या आसपास असते आणि एवढ्याशा स्पीकरमधून तो सूर जवळजवळ निघतच नाही. लोक कंटाळून गेले असं तुम्ही धरून चाललात. कदाचित त्यांना काही ऐकूच आलं नसेल. कुठे सोडलं ते आलेख सांगतो, का सोडलं ते नाही.

प्रतिसाद २
मी नुसती ऐकणारी आहे. एक गाणं संपलं की पुढचं आपोआप लागतं, त्यामुळे महिनाभर रोज ऐकलेल्या गाण्याचं नावही मला सांगता येत नाही, कुणाचं आहे ते तर दूरच. ही जाणीव झाली तेव्हा फार वाईट वाटलं. आता रात्री ऑटोप्ले बंद करते, एकच अल्बम पहिल्यापासून लावते आणि फोन दुसऱ्या खोलीत ठेवते. पहिले दोन-तीन दिवस हात शिवशिवले. नंतर लांब सुरुवाती आवडायला लागल्या, कारण त्यांत मी गाण्यापाशी येऊन पोहोचते. तुमचे ४२ सेकंद माझ्यासारखीला हवे आहेत.

प्रतिसाद ३
मला छोट्या रूपाचा राग नाही. यूट्यूब शॉर्ट्स ऑक्टोबर २०२४ पासून तीन मिनिटांपर्यंत करता येतात, तेवढ्यात पूर्ण गाणं होतं. पण मग ते तेवढंच म्हणून बांधा. मोठ्या गाण्याचा तुकडा तोडून टाकला की पुढच्या कडव्यात येणाऱ्या सुराची ओळख आधी झालेलीच नसते. मी एकदा असं केलं होतं. तुकडा चालला, गाणं मात्र कुणी शोधत आलं नाही.

मूळ प्रश्नकर्ती
प्रतिसाद १, तुमचे किती आभार मानू! फोनवर ऐकलं. पहिले अकरा सेकंद नुसती खरखर येते, मग कुठे सूर कळतो. मी सदैव स्टुडिओतल्या मोठ्या स्पीकरवर ऐकत राहिले, हे कधी सुचलंच नाही. चेलोवादकाशी बोलले आहे. तोच तुकडा एक सप्तक वर हळुवार वाजवून खालच्या सुराला जोडणार आहोत. ४२ सेकंद तसेच राहतील.

प्रतिसाद ३, दुसऱ्या कडव्यात चेलोचा तोच सूर परत येतो, म्हणून कापलेली प्रत काढून टाकतेय. आणि पुढची चाल पूर्ण होईपर्यंत आलेख उघडणार नाही.