दत्तक गेलेल्याला ‘वंशज’ म्हणावं की ‘वारस’?

महालवाली
एका मासिकासाठी खासदारांच्या छोट्या ओळखी मराठीत करते आहे. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींबद्दल मी लिहिलं : ‘राजर्षी शाहू महाराजांचे वंशज असलेले शाहू छत्रपती २०२४ साली, वयाच्या ७६व्या वर्षी, काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले.’ मजकूर तपासणाऱ्या काकांनी ‘वंशज’वर तांबडी फुली मारली आणि समासात ‘वारस’ लिहिलं. त्यांचं म्हणणं, वंशज म्हणजे वंशात जन्मलेला. महाराज १९६२ साली दत्तक गेले, तेही आपल्या नागपूरकर भोसल्यांकडून. म्हणून ते वंशज नागपूरचे आणि वारस कोल्हापूरचे. मला ‘वारस’ खटकतो. त्याला सातबाऱ्याचा वास येतो. परवा अंक छापायला जातो आहे. कोणता शब्द ठेवू?

बर्डीकर
काका बरोबर आहेत. अनुज, पंकज, वंशज. ‘ज’ म्हणजे जन्मलेला, त्यात पळवाट नाही. आणि ‘वारस’ला सातबाऱ्याचा वास येतो, तर ‘वारसा’ला का येत नाही? संतांचा वारसा आपण मोठ्या प्रेमाने सांगतो.

पेठेतला
‘वारस’ अरबीतून आलेला. मराठीत ‘उत्तराधिकारी’ असताना तो कशाला? आणि कोणी ‘वारसदार’ सुचवण्याआधी सांगून ठेवतो, ‘वारस’ म्हणजेच हक्क मिळालेला माणूस. त्याला पुन्हा ‘दार’ लावणं चूक आहे.

बर्डीकर
‘माजी’ही अरबी आहे. मग ‘माजी आमदार’ला काय म्हणायचं? उत्तराधिकारी म्हणजे पदावर मागून येणारा. इथे पद कुठलं? १९७१च्या २६व्या घटनादुरुस्तीने राजेपणाची मान्यता गेली, तनखे बंद झाले. उरलं ते घराणं आणि लोकांच्या मनातला मान. त्याचा अधिकारी कोणाला करणार? आणि ‘वारसदार’ मी आजीच्या तोंडून ऐकला आहे. तिचं मराठी मी चूक मानणार नाही.

करवीर
मी मूळचा कोल्हापूरचा, नोकरीमुळे तीस वर्षं नागपुरात आहे. काकांना माझा नमस्कार सांगा आणि ही वंशावळ दाखवा. राजर्षींच्या कन्या अक्कासाहेब देवास थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांना दिल्या होत्या. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंह म्हणजे राजर्षींचे सख्खे नातू. तेच १९४७ साली कोल्हापूरला दत्तक येऊन शहाजी महाराज झाले. त्यांच्या कन्या शालिनीराजे नागपूरकर भोसल्यांकडे दिल्या आणि त्यांचे चिरंजीव आजचे शाहू छत्रपती. म्हणजे लेकींच्या बाजूने ते राजर्षींचे रक्ताचेच खापरपणतू होतात. वंशज हा शब्द इथे अक्षरशः खरा आहे. लेकींची नावं वंशावळीत शेवटच्या रेघेवर, बारीक अक्षरात लिहायची आपली सवय आहे, म्हणून तो दिसत नाही.

अजून एक. खुद्द राजर्षी कागलच्या घाटग्यांचे. १८८४ साली दत्तक आले. त्यांना ‘वंशज’ म्हणायला कोणाची जीभ अडखळत नाही. २०२४च्या प्रचारात समोरच्या उमेदवाराने नेमका हाच ‘दत्तक’ काढला आणि खरे वारस तुम्ही जनता आहात असं भाषणात सांगितलं. महाराज दीड लाखाहून जास्त मतांनी निवडून आले.

महालवाली
करवीर दादा, हे मला ठाऊकच नव्हतं. अंगावर काटा आला. मग ‘वंशज’ ठेवते.

बर्डीकर
थांबा, घाई करू नका. लेकीकडून आलेल्याला मराठीत ‘वंशज’ म्हणतात का? आपल्याकडे लेकीचा मुलगा म्हणजे दौहित्र. तो आजोळचा वंश चालवत नाही, म्हणून तर दत्तकविधी करावा लागला! रक्ताने वंशज असते तर दत्तक घ्यायची गरजच काय होती?

करवीर
गरज गादीची होती, रक्ताची नव्हती. तुम्ही दोन्ही एकाच दोरीला बांधता आहात.

संत्राबाग
मी काटोलचा. आमच्याकडं जंभेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतेत. मूळ जंभेरीचं, वरचं झाड संत्र्याचं. बाजारात त्याले कोणी जंभेरीचं झाड म्हणते का? दत्तकाचंही तसंच हाय. ज्या खुंटावर रुजला त्या जागेचा झाला. ‘वंश’ म्हणजे संस्कृतात वेळूच नं? त्याचीही वाढ पेरापेरानं होते.

बर्डीकर
पण भाऊ, तुमच्या दाखल्यात फळ डोळ्याचं येतं, खुंटाचं येत नाही. म्हणजे दत्तक आपलं मूळ कुळ घेऊनच येतो. तुम्ही माझीच बाजू मांडली.

संत्राबाग
फळ डोळ्याचं, पण पाणी खुंटाचं, माती खुंटाची. खुंट टिकला तं झाड टिकते. ते मोजत नाही का तुमी?

धंतोली
वकिली करतो म्हणून लिहितो. १९५६च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक गेलेलं मूल सर्व बाबतींत नव्या घरचंच समजलं जातं. पण नागपुरात बसून हा शब्द इतक्या सहज कसा उच्चारता येतो? हे शहर दत्तक नामंजूर झाल्यामुळे इंग्रजांकडे गेलं. डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघुजी औरस संतती नसताना वारले. डलहौसीने दत्तक मानायला नकार दिला आणि १८५४ साली राज्य खालसा केलं. ते रघुजी स्वतः दुसऱ्या रघुजींच्या लेकीचे पुत्र, जन्माने गुजर. राण्यांनी घेतलेल्या दत्तकाला, जानोजींना, पुढे ‘देऊरचे राजेबहादूर’ ही पदवी मिळाली. घराणं राहिलं, राज्य गेलं. तेव्हा वंशज आणि वारस हा फरक इथे कागदावर केला गेला, आणि तो कोणी केला हे आठवून फुली मारा असं काकांना सांगा.

शिवाय कृपा करून नागपूर ‘विलीन’ झालं असं कोणी लिहू नका. कोल्हापूर १९४९ साली विलीन झालं, नागपूर १८५४ साली खालसा झालं. बातम्यांत सगळ्यांना सरसकट ‘विलीन संस्थानं’ म्हणून राहिले.

पेठेतला
‘म्हणून राहिले’ हे हिंदीचं भाषांतर आहे. ‘म्हणतात’ लिहा.

धंतोली
माझी आई असंच बोलायची. ती हिंदी शिकलेली नव्हती.

आलापल्ली
तुमचा वाद गादीचा झाला. आमच्या गडचिरोलीतल्या अहेरीकडे बघा. ते संस्थान नव्हतं, जमीनदारी होती. तरी लोक ‘राजे’च म्हणतात, आणि तेही नावाआधी : राजे विश्वेश्वरराव, राजे अम्ब्रीशराव. साताऱ्यात नावामागे लागतं, उदयनराजे. शिंद्यांकडे तर ते बायकांच्या नावाला, विजयाराजे, वसुंधराराजे, आणि पुरुष मात्र माधवराव. एकाच शब्दाच्या या जागा का बदलल्या, ते कोणी सांगेल का? अम्ब्रीशराव २०१४ साली भाजपचे आमदार होऊन राज्यमंत्री झाले, २०१९ साली काका धर्मरावबाबांकडून हरले. २०२४ साली त्याच अहेरीत धर्मरावबाबांसमोर पुतण्याही होता आणि स्वतःची लेक भाग्यश्रीही. निवडून आले धर्मरावबाबाच. तिघेही एकाच घरचे. तिथे ‘राजघराण्याचे वंशज विजयी’ असा मथळा दिला तर वाचकाला काय कळणार?

महालवाली
मथळ्याचं खरं आहे. ‘संस्थान’ शब्दाचीही हीच गत. आईला म्हटलं, संस्थानच्या घराण्यातले खासदार आहेत, त्यांच्यावर लिहिते आहे. तिने लगेच विचारलं, ‘शेगावचे का गं?’ आमच्या घरात संस्थान म्हणजे गजानन महाराजांचंच, आणि महाराज म्हटलं की तेच.

जुनी शुक्रवारी
कायदा, कलम, वंशावळ सगळं वाचलं. माझे आजोबा आठव्या वर्षी मावशीच्या घरी दत्तक गेले. गोत्र बदललं, आडनाव बदललं. सर्वपित्री अमावास्येला ते दत्तक वडिलांच्या नावाने पिंड देत, चूक न करता. मग सगळे जेवायला बसले की मागच्या पडवीत एक पान वेगळं वाढत. त्यावर वरण-भात, त्यावर दोन थेंब तूप. नाव घेत नसत. आम्ही विचारलं तर म्हणायचे, ‘कावळ्याला.’ पण कावळ्याचा घास आधीच गच्चीवर ठेवलेला असायचा. त्यांना कोणाचे वंशज म्हणायचं आणि कोणाचे वारस? मी आजही दोन्ही शब्द लिहिताना थांबते.

करवीर
ताई, हे वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

बर्डीकर
मलाही. पण मासिकातल्या वाक्याला एक शब्द लागणारच. मी ‘घराण्यातले’ सुचवतो. जन्माने आलेला, दत्तक आलेला, दोन्ही त्यात मावतात.

पेठेतला
‘घराण्यातले’ चालेल, पण मग ‘घराणेशाही’ची टीका मागून येईल. आणि ती टीका इथे लागू होते का? घराणेशाही म्हणजे लोकशाहीत मिळालेली सत्ता घरातच फिरवणं. त्याच घरातले संभाजीराजे २००९ साली लोकसभेला पडले होते, पुढे २०१६ साली राष्ट्रपतिनियुक्त म्हणून राज्यसभेत गेले. मतदाराने पाडलं तर ती शाही कसली?

धंतोली
नियुक्तीने गेले, तिथे मतदार कुठे होता?

संत्राबाग
करवीर दादा, तुमी वर ‘खापरपणतू’ लिहिलं. आमच्याकडं पणतूनंतर ‘निपणतू’ म्हणतेत. खापर कुठून आलं?

आलापल्ली
फुटलेल्या मडक्याचा तुकडा म्हणजे खापर. इतक्या पिढ्यांनंतर नात्याचा तेवढाच तुकडा उरतो म्हणून असेल?

महालवाली
निपणतू आधी की खापरपणतू? माझ्या आजीच्या बोलण्यात दोन्ही होते, आणि तिचा क्रम उलटा होता.